जुन्या गाड्यांचे बंद झालेले ट्रिम पार्ट घडवताना या चुका टाळा

उत्पादन बंद झालेल्या गाडीचे इंजिन एक वेळ पुन्हा उभे करता येते, पण डॅशबोर्डची पट्टी, मीटरभोवतीचे बेझल किंवा डिकीवरची अक्षरे असे ट्रिमचे, म्हणजे सजावटीचे भाग कुठेच मिळत नाहीत, आणि मग हौशी मंडळी ती स्वतः घडवायला घेतात. ही हौस मला मनापासून प्रिय आहे. म्हणूनच त्याच त्या चुकांपायी चांगले मूळ भाग वाया जाताना पाहिले की जीव तुटतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे हाती आलेला जुना भाग साच्यात जसाच्या तसा उतरवणे. तो आज जसा दिसतो तसा कारखान्यातून निघालेला नसतो. पीव्हीसीला मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर वर्षानुवर्षे उडत राहते आणि आवरण आक्रसते. जुन्या स्टिअरिंगच्या चाकांवर आणि नॉबवर असलेले सेल्युलोज अ‍ॅसिटेट आकसून तडकते, आणि एबीएस प्लॅस्टिकची लांब पट्टी उन्हाने दोन स्क्रूंच्या मध्ये वर उचलली जाते. अशा भागावर साच्यासाठी सिलिकॉन (रबरासारखे घट्ट होणारे द्रव) ओतले की हा सारा दोष उतरतोच, शिवाय साचा आणि त्यात प्रतीसाठी ओतलेले रेझिन (प्लॅस्टिकसारखे कडक होणारे द्रव) आपापले आकुंचन त्यात मिळवतात. टिनच्या संयुगाने घट्ट होणारे, म्हणजे टिन प्रकारचे सिलिकॉन तर तयार झाल्यावरही हळूहळू आकसत राहते. ४०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीत केवळ अर्धा टक्का आकुंचन धरले तरी २ मिलिमीटर होतात, आणि टोकाच्या स्क्रूचे भोक चुकायला तेवढे पुरेसे आहे.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी डॅशबोर्डच्या वरच्या पट्टीच्या अशा प्रती काढून त्याच मॉडेलच्या इतर मालकांना दिल्या. पट्ट्या दिसायला सुरेख होत्या, दाणेदार पोतही हुबेहूब उतरला होता. पण मधला स्क्रू बसला की टोकाची भोके पत्र्यावरच्या भोकांपासून आतल्या बाजूला राहत. काहींनी भोके कानशीने लांबट करून घेतली, तर काहींनी पट्टी ओढून, ताणून स्क्रू आवळले. ज्यांनी आवळले त्यांच्या पट्ट्या पहिल्याच कडक उन्हाळ्यात टोकाच्या भोकांपासून आडव्या तडकल्या. दोष रेझिनचा, असेच सर्वांनी ठरवले. मूळ नमुनाच आखूड होता हे एकाही मालकाने गाडीवर माप घेऊन तपासले नव्हते.

माझी सवय अशी आहे की जुन्या भागाला हात लावण्याआधी मी गाडीच्या पत्र्याचे माप घेतो. पत्रा आकसत नाही. स्क्रूच्या भोकांच्या मध्यांमधील अंतर, शेजारच्या पट्टीशी राहणारी फट आणि काचेपासूनचे अंतर आधी कागदावर येते. जुना भाग मी केवळ पोत, कडांची गोलाई आणि जाडी यांसाठी प्रमाण मानतो. लांबी पत्र्यावरून ठरते, आणि नमुना त्या लांबीला जोड देऊन, पुटी भरून, घोटून दुरुस्त झाल्यावरच साच्याकडे जातो. ‘थ्रीडी स्कॅन केला आहे, मग मापे कशाला’ असे नवखे लोक विचारतात. वाकलेल्या भागाचा स्कॅन हा वाकलेल्याच भागाचा अत्यंत अचूक स्कॅन असतो.

दुसरी चूक घाईतून होते. प्लॅटिनमच्या संयुगाने घट्ट होणारे, म्हणजे प्लॅटिनम प्रकारचे सिलिकॉन जवळजवळ आकसत नाही, म्हणून ते मलाही आवडते. मात्र ते फार हळवे आहे. गंधकयुक्त मॉडेलिंग क्ले, लॅटेक्सचे हातमोजे, टिन प्रकारच्या सिलिकॉनचा अंश किंवा नीट न सुकलेला रेझिन-प्रिंट (द्रव रेझिनपासून काढलेला थ्रीडी प्रिंट) यांपैकी कशाचाही स्पर्श झाला की ते तेवढ्या जागी घट्ट होतच नाही. एका तरुण हौशी मालकाकडे मूळ रंग शाबूत असलेले अक्षरचिन्ह होते. त्याने ते साध्या क्लेच्या थरात बसवून वरून थेट सिलिकॉन ओतले. दुसऱ्या दिवशी वरचा भाग व्यवस्थित घट्ट झालेला होता, पण साचा उचलताच चिन्हाच्या कडेने पाकासारखा चिकट थर लोंबू लागला आणि अक्षरांच्या खोबणीत जाऊन बसला. तो काढण्यासाठी त्याने सॉल्व्हंटचा बोळा फिरवला. सिलिकॉन निघाले, आणि त्याच बोळ्यावर खोबणीतला मूळ लाल रंगही निघून आला. त्या दिवशी साचाही गेला आणि नमुनाही.

हे टाळायला पैसा लागत नाही, एक दिवस लागतो. नमुन्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर सिलिकॉनचा एक थेंब ठेवावा आणि डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ जाऊ द्यावा. बोटाला किंचितही चिकटले तर थांबावे. क्ले गंधकमुक्तच घ्यावी. रेझिन-प्रिंट धुऊन, अतिनील प्रकाशात पूर्ण पक्का करून, वर अ‍ॅक्रिलिक लॅकरचा थर द्यावा आणि त्यानंतरही थेंबाची चाचणी चुकवू नये. एकुलत्या एका मूळ भागावर थेट साचा काढण्याच्या मी विरोधात आहे. आधी मापे किंवा स्कॅन घेऊन दुय्यम प्रत काढावी आणि तिच्यावर प्रयोग करावेत.

साहित्याची निवड हाही वारंवार फसणारा विषय आहे. थ्रीडी प्रिंटिंगचे नेहमीचे प्लॅस्टिक पीएलए सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून अधिक तापतो. त्यामुळे पीएलएचा भाग फक्त माप पाहण्यापुरता वापरावा, आणि गाडीत बसवायचा प्रिंट एएसए या ऊन-उष्णता अधिक सोसणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये काढावा. ओतायचे पॉलियुरेथेन रेझिन निवडतानाही त्याची उष्णता सहन करण्याची मर्यादा वाचावी. उघडा राहिलेला डबा हवेतील ओलावा शोषतो आणि मग ओतकामात फेस येतो. असा डबा पुरवून वापरू नये. या रेझिनमधील आयसोसायनेट रसायनाच्या वाफा घातक आहेत, त्यामुळे योग्य फिल्टरचा मुखवटा आणि खेळती हवा यांबाबत तडजोड नको.

प्रेशर पॉटमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाच्या बंद भांड्यात रेझिन ओतणार असाल तर साचाही त्याच दाबाखाली घट्ट केलेला असावा, अन्यथा सिलिकॉनमधील बुडबुडे दाबले जातात आणि प्रतीवर पुटकुळ्या उठतात.

क्रोमचा मुलामा दोष झाकत नाही, उलट ते उजेडात आणतो. प्रिंटच्या थरांची एकही रेघ राहिली तर ती चकाकीत पहिली दिसते. शिवाय तांबे आणि निकेल यांचे खालचे थर कडांवर जाड आणि खोबणीत पातळ बसतात. त्यामुळे बारीक अक्षरे बुजट होतात, म्हणून नमुन्यावर त्यांच्या कडा किंचित अधिक धारदार ठेवाव्यात.

रंग जुळवताना उन्हाने विटलेला दर्शनी भाग पाहू नये, स्क्रूच्या डोक्याखालचा किंवा क्लिपमागचा रंग पाहावा.

डावा भाग आरशात उलटवला की उजवा झाला, असे गृहीत धरू नये. एका बाजूला कुलपाचे किंवा वायरचे भोक असू शकते.

पाठीमागचे स्टड, म्हणजे नट आवळायचे दांडे, रेझिनचेच ओतले तर ते पहिल्या आवळण्यातच तुटू शकतात. त्याऐवजी साच्यातच धातूचा आटेदार स्टड बसवून त्याभोवती रेझिन ओतावे.

मागच्या दिव्यांच्या काचा मात्र घरी ओतू नयेत. त्यांच्या आतील प्रिझमची रचना आणि रंगाची छटा यांवर मागच्या वाहनाला प्रकाश किती आणि कसा दिसतो ते अवलंबून असते. मूळ काचेवरील मान्यताचिन्ह साच्यातून प्रतीवर उतरवणे तर खोटी ग्वाही देणे आहे. कंपनीचे नाव किंवा चिन्ह असलेल्या भागांच्या प्रती विकायच्या असतील तर ट्रेडमार्कधारकाची परवानगी आधी घ्यावी. प्रत्येक भागाच्या मागे, बसवल्यावर दिसणार नाही अशा जागी, ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि वर्ष साच्यातच कोरून ठेवावे, कारण गाडीचे मालक बदलतात आणि पुढच्या मालकाला तो भाग मूळ म्हणून विकला जाता कामा नये.