नवीन मुख्याध्यापक झालाय? मग कृतिसंशोधन खरंच करून बघा

कृतिसंशोधन म्हणजे आपल्याच शाळेतली अडचण नोंदींवरून शोधायची, उपाय करून बघायचा आणि फरक पडला का ते तपासायचं. पण हे नाव काढलं की आपल्याकडे लगेच बीएडची ती स्पायरल फाईल आठवते, आभारपत्र, प्रस्तावना, शेवटी परिशिष्ट आणि शेजारच्याची फाईल बघून भरलेले तक्ते. खरं तर 1946 मध्ये मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनने ही कल्पना मांडली आणि 1953 मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरीने ती शाळांत आणली, शाळेतली कामं सुधारावीत म्हणून, पण आपल्याकडे तिचं प्रमाणपत्र झालं. मुख्याध्यापकाला तर हे शिक्षकापेक्षा जास्त उपयोगी पडतं असं माझं मत आहे, कारण वेळापत्रक, वर्गवाटप, बैठका हे सगळं आपल्याच सहीने बदलतं.

माझंच सांगतो. आमच्या शाळेत खिचडी खाल्ली की पोरं गायब व्हायची. सकाळच्या हजेरीत पट भरलेला, दुपारी बाकं रिकामी. स्टाफला विचारलं तर ठरलेलं उत्तर, "सर, पालकांनाच पर्वा नाही." आता यावर आपण काय करणार, कपाळ! म्हणून दोन्ही वेळची हजेरी वारानुसार एका कागदावर मांडली, तर दिसलं की रोज नाही, बाजाराच्या दिवशीच जास्त जातात, आणि त्यात पाचवी ते सातवीच्या मुली जास्त. मुलींनाच विचारलं. आई बाजारात माळवं विकायला बसते, घरी लहान भावंडाला कोण बघणार?

मग काय केलं, तर अंगणवाडी आवारातच होती, ताईंशी बोलून त्या दिवशी लहानग्यांना शाळा सुटेपर्यंत तिथं बसवायचं ठरवलं, आणि त्याच दुपारी खेळ आणि वाचनालयाचा तास टाकला. अंगणवाडीचा उपाय चालला. खेळाच्या तासाने मात्र फक्त मुलगे थांबले, मुलींना त्याचा उपयोग झाला नाही, आणि ज्या मुलींच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. तेही वहीत लिहून ठेवलंय.

नवीन लोकांना एवढंच सांगेन की कारणं लिहिताना मधे उभी रेघ मारा, एका बाजूला आपल्या हातातली, दुसऱ्या बाजूला नसलेली. गरिबी, ऊसतोडीचं स्थलांतर ही कारणं खरीच आहेत पण एका सत्रात आपल्याच्याने हलत नाहीत, उपाय पहिल्या बाजूवर करायचा. आधीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही, म्हणून सुरू करण्याआधी महिनाभराची स्थिती लिहून घ्या. हजेरी, पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसची (शाळा दरवर्षी सरकारला भरून देते ती) माहिती, सगळं ऑफिसात पडलेलंच असतं, वेगळी प्रश्नावली छापत बसू नका. आणि शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा की ही तपासणी नाही, नाहीतर आकडे गोड येतात (मस्टर बघायला लागलं की स्टाफरूम कशी गप्प होते ते कळेलच).

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समितीचंच घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) तिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात, कागदावर असतातही, पण बैठकीला किती येतात आणि किती जणींच्या घरी फक्त सहीसाठी रजिस्टर जातं? बैठकीची वेळ बदलून बघा, मजुरीवरून आल्यावर संध्याकाळी ठेवा, आणि कोण आलं यासोबत कोण बोललं तेही टिपा. डायटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते यात मदत करतात, फक्त शीर्षक कसं असावं यावरच चर्चा अडकू देऊ नका.