गोळीशिवाय झोप: झोपायची नव्हे, उठायची वेळ ठरवा

आधी एक सांगते. झोपेची गोळी रोज घेत असाल तर ती मनानेच एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा, नाहीतर आधी होती त्याहून वाईट जागरणं सुरू होतात.

आता उठायची वेळ ठरवा. माझी साडेपाचची आहे. घरात लग्न असो की रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसो, साडेपाच म्हणजे साडेपाच. उठल्यावर अर्धा तास अंगणात, उजेडात काढा. दुपारी तीननंतर चहा नको. चहातलं कॅफीन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात. शेवभाजी, भरीत जे असेल ते आठपर्यंत जेवून घ्या.

उन्हाळ्याचं वेगळं. आमच्या भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, जमलं तर बाज वरच टाका. कूलर लावणार असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत नुसता दमटपणा साठतो. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. कोमट पाण्याने रक्त कातडीकडे येतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून निवलं की झोप यायला लागते.

इथवर सगळं सोपं. खरी अडचण अंथरुणात.

दोन वर्षं मी दहाला आडवी व्हायचे आणि पंख्याकडे बघत हिशेब करायचे: आता लागली तरी सहा तास मिळतील, आता पाच, आता चार. 'पडून राहा, डोळे मिटून घ्या, तेवढाच आराम' असं प्रत्येकाने सांगितलं आणि मी ऐकलं. या सल्ल्याइतकं माझं नुकसान कशानेच केलं नाही. रोज तासन् तास जागं पडून राहिलं की अंथरूण म्हणजे जागरण हीच सवय अंगी मुरते. म्हणून तर खुर्चीत बातम्या बघताना डुलकी लागते आणि गादीवर पाठ टेकली की टक्क जाग येते. ही गाठ सोडवण्याची रीत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडली. आजही ती निद्रानाशावरच्या उपचारात वापरतात.

रीत अशी. झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. थकवा म्हणजे झोप नव्हे; पापण्या जड होतात, तीच ओळ परत वाचावी लागते, मान कलते, ती झोप. आडवं झाल्यावर वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठायचं. ती वीस मिनिटं अंदाजानेच धरा, घड्याळ बघू नका. मी भिंतीवरचं घड्याळच काढून ठेवलं. चिडचिड सुरू झाली की समजा वेळ झाली. दुसऱ्या खोलीत मंद दिव्याखाली बसा, मोबाइल हातात नको. मी घरचा कापूस घेऊन बसायचे. सरकी काढायची, बोटांनी तंतू मोकळे करायचे, वात वळायची. डोळे मिटायला लागले की परत अंथरुणात. नाही लागली तर परत उठायचं.

पहिल्या रात्री मी चारदा उठले. पहिला आठवडा फार वाईट जातो, त्या दिवसांत गाडी चालवू नका. दहाव्या दिवशी कंटाळून मी सोडून दिलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तुम्ही सोडू नका. मला फरक तिसऱ्या आठवड्यात दिसला.

याच्या जोडीला अंथरुणातला वेळही कमी करा. खरी झोप सहा तासच होत असेल तर साडेअकराच्या आधी अंथरुणात जायचंच नाही. झोप सलग लागू लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा. पाच तासांच्या खाली मात्र कधीच जाऊ नका. फिट येत असेल किंवा बायपोलरचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा भाग करूच नका. झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडकत असेल तर आधी तपासणी करून घ्या, तिथे ही रीत कामाची नाही.

रात्रीच्या लाइटवर केळीला पाणी भरायला जाणाऱ्यांना साडेपाचचा नियम लागू करू नका. त्यांनी घरी येताना डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नये, टोपी पुढे ओढावी, आणि खिडकीला जाड गोधडी लावून अंधारात झोपावं. घरच्यांनी त्या वेळात त्यांना हाक मारू नये.