बीडीएसएम ग्रुपच्या पहिल्या भेटीला जाताय? बिल रोख द्या

बीडीएसएम म्हणजे एकमेकांच्या संमतीने बांधणं, हुकमत, वेदना असे लैंगिक खेळ. अशा ग्रुपची पहिली भेट बहुधा एखाद्या कॅफेत, साध्या कपड्यांत, नुसत्या गप्पांची असते. तिला ‘मंच’ म्हणतात (इंग्रजी munch; व्यासपीठाशी संबंध नाही!). तिथे टोपणनाव चालतं. पण बिल वाटून घेताना यूपीआय केलं, की समोरच्याला बँकेतलं खरं नाव दिसतं. माझं तसंच झालं.

१. शंभर-पन्नासच्या सुट्या नोटा न्या.
२. ग्रुप टेलिग्रामवर असेल, तर त्याच्या प्रायव्हसीत फोन नंबर ‘नोबडी’वर ठेवा.
३. विश्वासातल्या एकाला व्हॉट्सअ‍ॅपवर ८ तासांचं लाइव्ह लोकेशन द्या. फोन किती वाजता करणार तेही सांगून ठेवा, नाहीतर लोकेशन बघत कोण बसतंय?
४. त्याच दिवशी कुणाच्या घरी जाऊ नका. पुढे कुणाशी जमलंच, तर आधी ग्रुपमधल्या दोघा-तिघांकडे चौकशी करा. काय चालेल, काय अजिबात नाही, थांबायचा शब्द (सेफवर्ड) कोणता, हे दारू न घेता ठरवा. सिग्नलचे रंग सोपे पडतात: पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे लगेच बंद.

‘मला सेफवर्ड लागत नाही’ म्हणणारा किंवा ओळख होण्याआधीच फोटो मागणारा कितीही जुना मेंबर असो, त्याच्यापासून लांब राहा.