स्टाफ लस घेत नाहीये? आधी ड्युटीचा तक्ता उघडा

१६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली, पहिला नंबर आपला दवाखान्यातल्यांचा, तेव्हा वाटलेलं रांगा लागतील. कसल्या रांगा! सेशनला १०० नावं आणि दुपारपर्यंत खुर्च्या रिकाम्या, आलेले पण "जरा वॉर्डात जाऊन येते" म्हणून गायब. परत अशी साथ आलीच तर स्टाफला कसं तयार करायचं ते इन्चार्ज सिस्टर म्हणून लिहून ठेवतेय.

आधी भाषणं बंद करा. आम्ही सिस्टर लोकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना डोस दिलेत, लस म्हणजे काय ते आम्हाला काय सांगता. कोणी "नको" म्हणाली की एकटीला चहाला न्या आणि कशाला नको ते विचारा. एकीला मूल हवं होतं, गरोदर आणि दूध पाजणाऱ्यांना तेव्हा लस द्यायची नाही असाच नियम होता त्यामुळे "मूल होत नाही" ही अफवा तिला लगेच खरी वाटली. दुसरी कोव्हॅक्सिनच्या संमतीपत्राला घाबरलेली. बरोबरच आहे, माणसांवरच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्याचे आकडे तेव्हा आले नव्हते, अशा वेळी "काही होत नाही हो" म्हणणाऱ्या डॉक्टरवर मी पण विश्वास ठेवणार नाही. आकडे अजून यायचेत असं सरळ सांगा.

पण खरी गोम वेगळीच. आमच्या सफाईच्या मावशी, कंत्राटी, मला म्हणाल्या, "सिस्टर, सुईला कोण घाबरतंय, ताप आला तर खाडा कोण भरणार?" मी गप्प. मग तक्ता काढला. ताप, अंगदुखी बहुतेक त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी येते म्हणून लस वीकली ऑफच्या आदल्या दिवशी लावा, नाईटच्या आधी तर नकोच, नाईट करून उपाशीपोटी आलेल्यांना आधी खायला घाला नाहीतर चक्कर येते. एका वॉर्डातल्या सगळ्यांना एकाच दिवशी टोचू नका, दुसऱ्या दिवशी वॉर्ड कोण बघणार? आणि कंत्राटदाराकडून तापाचा खाडा कापणार नाही असं आधीच लिहून घ्या, तोंडी नको.

यादीतले मोबाईल नंबर स्वतः फोन लावून तपासा. आमच्याकडे कोविनवर, म्हणजे लसीच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, मावश्यांचे निम्मे नंबर बंद पडलेले, मेसेज जाणार कुठे!

पहिली लस मोठ्या साहेबांना देऊन फोटो काढायची हौस असते, काढा बापडे, पण वॉर्डातल्या बाया ज्या सिस्टरला आपली दुखणी सांगतात तिने सगळ्यांसमोर घेतली की फरक पडतो. कोविशिल्डच्या व्हायलमध्ये, म्हणजे बाटलीत, १० डोस असायचे, उघडली की ४ तासांत संपवावी लागायची, म्हणून दहा जणी बसलेल्या असल्या की मगच फोडा. नंतरचा अर्धा तास बसवून ठेवायचंच, तिथे रिॲक्शनचं किट समोर दिसेल असं ठेवा आणि गप्पा मारायला कोणीतरी बसवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकीला फोन. मावशींना केला तर म्हणाल्या, "ताप नाय आला, पण सुट्टी आहे ना?"

दुसऱ्या डोसची तारीख ड्युटी बोर्डवर खडूनेच लिहा, पुसता येते. कोविशिल्डचं अंतर आधी २८ दिवस होतं, मार्चमध्ये ६ ते ८ आठवडे झालं, मेमध्ये १२ ते १६, बोर्ड पुसून पुसून हात दुखले.