कोलोरॅडोचे घाट आरव्हीने: घरची मंडळी आणि कुत्रा-मांजर सोबत असताना

डेन्व्हर, एस्टेस पार्क, ट्रेल रिज रोड, ग्रँड लेक, ग्रॅन्बी आणि बर्थूड पासवरून परत डेन्व्हर, हा साधारण सव्वादोनशे मैलांचा फेरा. साध्या गाडीने एका लांब दिवसात उरकतो. आरव्हीने, म्हणजे आत पलंग-स्वयंपाकघर असलेल्या घरासारख्या गाडीने, आणि घरच्यांना घेऊन जाणार असाल तर पाच दिवस ठेवा. रोज मुक्काम हलवला तर निम्मा दिवस पाण्या-सांडपाण्याचे पाइप काढण्या-लावण्यात जातो, म्हणून दोन रात्री एस्टेस पार्कच्या बाजूला आणि दोन ग्रँड लेकच्या बाजूला. ट्रेल रिज रोड साधारण मेअखेर उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बर्फामुळे बंद होतो. हा रस्ता ज्यातून जातो त्या रॉकी माउंटन नॅशनल पार्क या उद्यानातल्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि जुलै-ऑगस्टच्या जागा लगेच संपतात.

गाडी 25 फुटी क्लास सी घ्या, म्हणजे केबिनच्या डोक्यावर पलंग असलेली. 30 फुटी गाडीत आत ऐसपैस वाटतं, पण घाटातल्या छोट्या थांब्यांवर ती मावत नाही. मागच्या चाकांच्या मागे बराच सांगाडा लोंबत असतो. वळताना तो उलट्या बाजूला फूट-दीड फूट झुलतो आणि पेट्रोल पंपावरचे खांब घासले जातात ते यामुळेच. गाडीची उंची 11 ते 12 फूट असते. नेमका आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. जुना फॉल रिव्हर रोड 25 फुटांहून लांब गाड्यांना बंद आहे. नकाशाचं अॅप तिकडे वळवू लागलं तर ऐकू नका.

कोण कुठे बसणार

हे गाडी ठरवण्याआधी बघायचं. चालत्या आरव्हीत माणसं फक्त पट्टा असलेल्या सीटवर बसतात. मुलाची कार सीट डायनिंगच्या पुढे तोंड असलेल्या बाकावरच लावायची. उलट्या तोंडाच्या बाकावर किंवा आडव्या सोफ्यावर ती चालत नाही. वरच्या पलंगावर पोरं खेळत असताना गाडी सुरू करायची नाही, आणि चहा ठेवायला कुणी उठायचंही नाही.

कुत्र्यालाही हाच नियम. छातीचा हार्नेस सीटबेल्टला अडकवा, किंवा पिंजरा खाली जमिनीवर ठेवून पट्ट्याने बाकाच्या पायाला बांधा. घाटाआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी मात्र द्या. आरव्हीच्या पायऱ्या जाळीच्या असतात. खालची जमीन दिसते म्हणून कुत्री बिचकतात, कधी नखं अडकतात. पायरीवर गालिच्याचा तुकडा बांधला की प्रश्न मिटतो. निघण्याआधी घराच्या दारात उभ्या गाडीत दोन-तीनदा चढउतार करून घ्या.

मांजरांचं वेगळंच. बाहेर सरकणारी खोली, म्हणजे स्लाइड-आउट, आत घेताना तिच्या यंत्रणेत दडलेलं मांजर चिरडलं जाऊ शकतं. मांजर पिंजऱ्यात डोळ्यांना दिसल्याशिवाय स्लाइडच्या बटणाला हात लावायचा नाही.

कुत्र्याला कुठे नेता येतं

इथे बऱ्याच जणांचा बेत फसतो. रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या एकाही पायवाटेवर कुत्र्याला परवानगी नाही, टुंड्रावर, म्हणजे माथ्याकडच्या झाडं नसलेल्या माळावर, आणि कुरणांतही नाही. रस्ता, पार्किंग, पिकनिकची जागा आणि कॅम्पग्राउंड इथेच, तेही सहा फुटांपर्यंतच्या पट्ट्याने. म्हणून उद्यानाचे दिवस माणसांसाठी ठेवा, आणि कुत्र्याला पाय मोकळे करायला ग्रँड लेक-ग्रॅन्बी भागातल्या अरापाहो नॅशनल फॉरेस्टमध्ये न्या. तिथल्या बहुतेक वाटांवर कुत्रा पट्ट्याने चालतो. ओढ्याचं पाणी पिऊ देऊ नका, जिआर्डिया नावाच्या जंतूने जुलाब होतात. फिरून आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. रेबीजच्या लशीचा दाखला कागदावर असू द्या, कारण डोंगरात मोबाइलला रेंज नसते.

कुत्र्याला गाडीत ठेवून सगळ्यांनी ट्रेकला जायचा बेत मात्र करू नका. आरव्हीचा एसी कॅम्पच्या विजेवर किंवा जनरेटरवर चालतो. वीज ट्रिप झाली की उन्हात आतलं तापमान झपाट्याने चढतं. तापमानाचा इशारा फोनवर पाठवणारं यंत्र मिळतं, पण रेंजच नसेल तर ते निरुपयोगी. पाळीपाळीने जा, एक मोठं माणूस मागे थांबू द्या.

कुत्र्याच्या अन्नाची वाटी बाहेर सोडू नका, अस्वलं येतात. एल्क या मोठ्या हरणापासून 25 यार्ड, त्याहून मोठ्या मूस हरणापासून आणि अस्वलापासून 40 यार्ड अंतर राखायचं असतं. भुंकणारा कुत्रा सोबत असेल तर त्याच्या दुप्पट राखा.

उंची

डेन्व्हर 5,280 फुटांवर, एस्टेस पार्क 7,522, आणि ट्रेल रिज रोडचा माथा 12,183 फुटांवर. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना विमानतळावरून थेट वर नेऊ नका. एक रात्र डेन्व्हरला, दोन एस्टेस पार्कला, मग माथा. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोकेदुखी, मळमळ किंवा तोल जाणं दिसलं तर खाली उतरणं हाच उपाय, आलं-लिंबाने भागत नाही. म्हातारा कुत्राही वर धापा टाकतो. माथ्यावर त्याला पळवू नका.

गाडीलाही धाप लागते. दर हजार फुटांमागे पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे माथ्यावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेलेली असते. चढावर 30-35 मैलांचा वेग पुरे. मागे रांग लागली की थांब्यावर बाजूला घ्या. जनरेटरवर उंची जुळवायची खुंटी असेल तर ती फिरवा. तो गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि टाकी पाव भागावर आली की आपोआप बंद पडतो. उद्यानात पेट्रोल पंप नाही, एस्टेस पार्कलाच टाकी भरून घ्या. आरव्हीतला शोषण-पद्धतीचा, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर किंवा विजेवर चालणारा फ्रीज साडेपाच हजार फुटांच्या वर गॅसवर कधी कधी विझतो. कॅम्पला वीज असेल तर तो विजेवर टाका, आणि गाडी समपातळीत उभी करा.

एस्टेस पार्कला पाणी 92 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. पातेल्यातला भात कणीदार राहतो, तूरडाळ तासाभरानेही शिजत नाही. घरचा कुकर न्या, डाळ अर्धा तास भिजवा आणि नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त करा. फोडणी देण्याआधी छताचा पंखा आणि खिडकी उघडा. आरव्हीतला धुराचा अलार्म मोहरी तडतडायच्या आत बोंबलतो, आणि कुत्रा बिथरून दारावर धडका देतो.

पाणी, टाक्या, वीज

साधारण 40 गॅलन स्वच्छ पाणी, 30 गॅलन सांडपाणी आणि 27 गॅलनच्या आसपास मैल्याची टाकी, असं या गाडीचं गणित. गॅलनभर पाण्याचं वजन 8.3 पौंड, म्हणून घाट चढताना टाकी एक तृतीयांश ठेवून वर कॅम्पला भरा. पाच माणसं तांब्याने पाणी वापरणारी असतील तर मैल्याची टाकी दोन दिवसांतच भरत येते. तिची झडप कॅम्पच्या गटाराला पाइप जोडलेला असतानाही बंदच ठेवायची. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घाण ढिगासारखी आत साचते. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. हातमोजे घालून आधी मैला, मग सांडपाणी, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. नंतर मैल्याच्या टाकीत चार-पाच गॅलन पाणी आणि औषध टाका.

कॅम्पच्या 30 अँपिअरच्या वीज-जोडणीतून 3,600 वॅट मिळतात. एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना गीझर विजेवर टाकला की ब्रेकर उडतो. उद्यानातल्या बऱ्याच जागांवर वीज नसते. रात्री हीटरचा पंखा बॅटरी खातो, म्हणून थर्मोस्टॅट 60 फॅरनहाइटवर आणि पांघरुणं जास्त. सप्टेंबरमध्ये नळाचा पाइप रात्री काढून ठेवा, गोठून फुटतो.

उतार

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीज कडाडते. सकाळी आठच्या आत निघा आणि बाराच्या आत झाडं जिथे संपतात त्या रेषेखाली या.

गॅसची मुख्य झडप बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या, कुत्रा बांधलेला, मगच निघा. आपल्याकडे घाट उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायची सवय काहींना असते. साडेसहा टन वजनाच्या गाडीत ती जीवावर बेतेल. टो-हॉल, म्हणजे उतारावर खालचा गिअर धरून ठेवणारं बटण, चालू करा, आणि उतार सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये या. इंजिन 4,000 फेऱ्यांवर ओरडेल, ओरडू द्या. ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही. ठरवलेल्या वेगाला पोचलात की नेटाने दाबून पाच मैल कमी करा, पाय काढा, पुन्हा तेच. सतत हलका दाब दिला तर ब्रेक तापतात, तेल उकळतं आणि पेडल मऊ पडतं.

बर्थूड पास 11,307 फुटांवर आहे, आणि विंटर पार्ककडून चढून एम्पायरकडे उतरताना एकामागून एक वळणं येतात. इथे जळका वास आला तर पहिल्या रुंद थांब्यावर गाडी घ्या, चाकांना ठोकळे लावा आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते किंवा तडकते. तेवढ्यात कुत्र्याला रस्त्याच्या आतल्या बाजूला फिरवून आणा. पेडल पुन्हा घट्ट लागलं तरच पुढे निघा, आणि आधीपेक्षा एक गिअर खाली. नाही लागलं तर तिथून गाडी टो करूनच खाली न्यायची.