पॉइंट टू-टू अडकलं की आधी मॅगझिन बघा

माझी मुलगी २५ मीटर पिस्तूल मारते, पॉइंट टू-टू म्हणजे .२२ बोअरचं. मी नेमबाज नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये २८ वर्षं डाय आणि गेज बनवण्यात गेली, म्हणून पिस्तुलाची साफसफाई आणि मॅगझिनची, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीची, देखभाल माझ्या वाट्याला आली. २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या एशियाडमध्ये राही सरनोबतनं याच प्रकारात सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी आमच्या पोरीनं हट्ट धरला. पिस्तूल तिच्या परवान्यावर आहे, त्यामुळं ते उघडतो तेही ती समोर असतानाच.

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत रॅपिडच्या पाच गोळ्यांच्या सीरिजमध्ये तिची चौथी गोळी अडकली. रॅपिडमध्ये टार्गेट ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद जातं, तेवढ्यात पिस्तूल ४५ अंशांवर खाली आणून पुन्हा उचलायचं. घाईत तिनं सवयीनं बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग, मागं ओढला आणि गोळी काढून टाकली. तिथंच चुकलं. अडकल्यावर पिस्तुलाची नळी टार्गेटच्या दिशेनं ठेवून, काहीही न छेडता, मोकळा हात वर करायचा असतो. पंच येऊन बघतात आणि मग ठरवतात. तुम्ही बोल्टला हात लावला की दोष तुमचा धरला जातो. उरलेल्या दोन गोळ्या शून्य, म्हणजे वीस गुणांची वाट.

"पप्पा, मी नीटच भरतो की मॅगझिन. पिस्तूलच बिघडलंय," असं ती गाडीत सारखं म्हणत होती. पिस्तूल बिघडलेलं नव्हतं. चार मॅगझिनपैकी एकाचा डावा ओठ, म्हणजे वरच्या गोळीला धरून ठेवणारी पत्र्याची वळलेली कड, केसभर आत आला होता. ते शोधायला मला तीन आठवडे लागले. तुम्हाला एका दुपारीत सापडावं म्हणून सगळं लिहितोय.

आधी गोळी समजून घ्या. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला बुडाशी कडा असते, रिम. पेटवणारं मिश्रण त्या रिमच्या पोकळीत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन कडेवरच ठोका मारते. काडतुसाचं अंग साधारण ५.७ मिमी, रिम ७ मिमीच्या आसपास. आता अशी पाच काडतुसं एकावर एक रचून बघा. वरच्याची रिम खालच्याच्या रिमच्या पुढं असली तरच वरचं सरळ पुढं सरकतं. मागं राहिली, तर बोल्ट ढकलतो तेव्हा वरची रिम खालच्या रिमला अडते आणि दोन्ही काडतुसं एकमेकांत रुततात. बाहेर आलेली रिम नसलेल्या काडतुसांना ही कटकट नाही, म्हणून तसल्या पिस्तुलांवरून इकडं आलेले लोक पहिले दोन महिने वैतागतात.

भरताना बहुतेकांची चूक एकच होते. मॅगझिनच्या बाजूचं बटण अंगठ्यानं एकदम तळापर्यंत ओढायचं आणि पाचही गोळ्या आत टाकायच्या. मग त्या आत नाक खाली करून कशाही पडतात. बटण एका गोळीपुरतंच खाली घ्या. गोळी ठेवा, तिचं बूड मागच्या भिंतीला टेकवा, मगच पुढची. पाच भरल्यावर वरच्या गोळीवर बोटानं हलकं दाबून सोडा. ती आपणहून उसळून नाक किंचित वर करून बसली पाहिजे. तिरकी राहिली तर सगळ्या काढा, पुन्हा भरा. पोरीला मी हे करायला लावलं तेव्हा निम्मे जॅम तिथंच संपले.

उरलेल्या निम्म्यांसाठी वही लागते. सगळ्या मॅगझिनांच्या तळाला नंबर घाला. मी पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले, एक ते चार. सरावात अडकलं की तीन गोष्टी लिहायच्या: कुठलं मॅगझिन, कितवी गोळी, कसं अडकलं. यातलं 'कसं' सगळ्यात महत्त्वाचं. गोळीचं नाक चेंबरच्या (नळीत गोळी बसते त्या जागेच्या) खालच्या काठाला रुतलं असेल तर स्प्रिंग मऊ झालीय, मॅगझिन पुरतं वर बसत नाही, किंवा ओठ पुढून आवळलेत. नाक वर जाऊन चेंबरच्या वरच्या काठाला लागलं तर ओठ फाकलेत, गोळी लवकर सुटते. रिकामी केस (उडालेल्या गोळीची पुंगळी) पिस्तुलाच्या खिडकीत, बाहेर पडायच्या जागी, उभी अडकली तर मॅगझिनवर लगेच आळ घेऊ नका. त्यामागं बहुतेक वेळा गोळीत दम कमी, एक्स्ट्रॅक्टरखाली (केस ओढून काढणाऱ्या आकड्याखाली) घाण किंवा मनगट ढिलं असतं. बोल्ट शेवटचे एक-दोन मिमी बंदच होत नसेल तर चेंबर घासा. या गोळ्यांच्या शिशाला बाहेरून मेण लावलेलं असतं. ते मेण आणि काजळी मिळून चेंबरच्या तोंडाशी कडक कडं धरतात. मे महिन्यात गाडीत राहिलेल्या डब्यातलं मेण मऊ होऊन बोटांना चिकटतं. अशा गोळ्या मॅगझिनच्या भिंतीलाही चिकटतात. आम्ही डबा आता सावलीत, सुती पिशवीत नेतो.

आमच्या वहीत तीन आठवड्यांत अकरा जॅम झाले. त्यातले नऊ तीन नंबरच्या मॅगझिनचे, आणि नऊही वेळा नाक खाली. मग पिस्तुलाकडं बघायचं कारणच उरलं नाही.

घरी तपासायला जिवंत गोळी कधीही घेऊ नका. प्लास्टिकच्या डमी गोळ्या मिळतात, त्याच वापरा. त्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट मागं घ्या, चेंबरमध्ये बघा आणि करंगळीचं टोकही लावून बघा. डमीला सगळीकडून काळा मार्कर फासला, सुकू दिला, तीन नंबरमध्ये भरली आणि बोल्ट हातानं सावकाश सोडला. बाहेर काढून खिडकीतल्या उजेडात धरली तर डाव्या अंगाला एक लांब चकचकीत ओरखडा आणि नाकाच्या खालच्या बाजूला नखाएवढी जागा घासलेली. उजव्या अंगाला काळा रंग शाबूत. दोन नंबरच्या मॅगझिनमधून तीच डमी काढली, तर दोन्ही अंगांना सारख्या, फिकट रेघा. डावा ओठ गुन्हेगार, हे तिथं डोळ्यांनी दिसलं. मग पोरीनं कबूल केलं की रेंजवर ते मॅगझिन एकदा हातातून सुटून फरशीवर उलटं आदळलं होतं. मॅगझिन बदलताना पायाशी रबरी मॅट पसरा. माझं एवढं ऐका.

आता पक्कड. घाईनं पक्कड लावणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त मॅगझिनं मारलीत. पक्कडीचे दात ओठावर खाचा पाडतात आणि पत्रा पुन्हापुन्हा वाकवला की कोपऱ्यात तडकतो. आधी चांगल्या मॅगझिनच्या ओठांमधलं अंतर व्हर्नियरनं तीन ठिकाणी मोजा: मागं, मध्ये, पुढं. तीन नंबरमध्ये फक्त पुढं ०.२ मिमी कमी भरलं. एवढ्यानं गोळी अडते का, असं मुलीनं विचारलं. अडते. मी लेथवर पितळेचा छोटा ठोकळा काढला, दोन नंबरच्या ओठांत हलक्या हातानं सरकेल असा. तोच ठोकळा तीन नंबरमध्ये मागून पुढं सरकवला, जिथं अडला तिथं आतून लाकडी पट्टीनं ओठ थोडा बाहेर दाबला, पुन्हा सरकवला. चार वेळा केलं. दर वेळी इतकं कमी की हलल्याचं हाताला कळूसुद्धा नये. मग पुन्हा मार्कर, पुन्हा डमी. लेथ नसेल तर हा उद्योग करू नका, नवीन मॅगझिन घ्या. महाग पडतं, पण स्पर्धेत गेलेले वीस गुण जास्त महाग पडतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्रिंग, ओठ आणि गोळीचा ब्रँड एकाच दिवशी बदललात तर कशानं सुधारलं ते कधी कळणार नाही.

मॅगझिनच्या आत तेल नको. न जळलेली दारू आणि शिशाचा भुगा तेलाला धरून चिखल होतो. उघडा, स्प्रिंग पुसा, कोरड्या ब्रशनं भिंती झाडा. आमच्याकडं पावसाळ्यात पत्र्याला दोन दिवसांत गंज धरतो. तेव्हा तेलाचं बोट फिरवलेल्या फडक्यानं पुसायचं आणि लगेच कोरड्यानं पुन्हा. नव्या स्प्रिंगची लांबी वहीत लिहून ठेवा, म्हणजे जुनी किती बसली ते पुढं कळेल.

गोळी उडालीच नाही तर नळी टार्गेटकडंच ठेवून अर्धा मिनिट थांबा, ठोका उशिरा पेटू शकतो. मग ती गोळी बघा. रिमवर ठोक्याची खूण खोल आणि नीट असेल तर मिश्रण त्या जागी कमी पडलं. खूण उथळ असेल तर बोल्ट पूर्ण बंद झाला नाही किंवा पिनच्या वाटेत घाण आहे. रिकाम्या चेंबरवर पिन आपटवत सराव करू नका. पिन चेंबरच्या काठाला लागते, तिथं खळगी पडते आणि पुढं प्रत्येक केस तिथं घासते.

ट्रिगर, सीअर (ट्रिगर दाबला की सुटणारा आतला खटका) आणि पिन यांना मी हात लावत नाही. हात चालतो, तरीही नाही. या प्रकारात ट्रिगर ओढायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, स्पर्धेआधी वजन लावून तपासतात, आणि घासलेला सीअर परत भरता येत नाही. शिवाय आपल्याकडं शस्त्राची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिरानंच करायची असते. तिथं जाताना वही मात्र सोबत न्या. आमच्या कारागिरानं ती पानं चाळली आणि पिस्तूल न उघडताच परत दिलं.

तीन नंबरमधून त्यानंतर सहाशे गोळ्या गेल्यात, नाक खाली एकदाही नाही. तरी स्पर्धेला ते बॅगेत तळाशी असतं. पोरगी एक आणि दोन घेते, चार राखीव.