आज सर येणार: कोटी साधावी कशी

कोटी ऐकणारा कपाळावर हात मारतो आणि त्याच वेळी त्याच्या ओठांच्या कडेला हसूही फुटते. असे का होते हे आधी समजून घेतले, तर कोटी रचणे पुष्कळ सोपे जाते.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, दोन अर्थांचा शब्द कानावर पडताच, संदर्भ एकाच अर्थाच्या बाजूचा असला तरी, मनात क्षणभर दोन्ही अर्थ जागे होतात आणि पुढची दोन-चार अक्षरे ऐकेपर्यंत नको असलेला अर्थ मागे पडतो. रोजच्या बोलण्यात या निवडीचा आपल्याला पत्ताही लागत नाही. कोटी करणारा ती निवड पुरी होऊ देत नाही. त्याचे सारे कसब तेवढेच.

‘सर’ हा शब्द घ्या. पावसाची सर येते आणि शाळेत सर येतात. दोन्ही अर्थांना आधार देणारा एकेक शब्द आधी ठेवावा आणि दुहेरी शब्द शेवटाकडे न्यावा: ‘पहिल्या बाकावर छत्री लागेल, आज सर येणार.’ बाकामुळे शिक्षक जागे राहतात, छत्रीमुळे पाऊस. पहिल्या बाकावर बसलेल्यांना अधिक सांगणे नलगे. हेच वाक्य ‘आज सर येणार, म्हणून पहिल्या बाकावर छत्री लागेल’ असे उलटवले, तर छत्री येईपर्यंत सर वर्गात शिरलेले असतात आणि ‘म्हणून’ने उरलीसुरली गंमत समजावून टाकलेली असते.

मराठीत खरा घात करते ते लिंग. ‘सर आली’ म्हटले की पाऊस, ‘सर आले’ म्हटले की शिक्षक. ‘येणार’ या रूपात मात्र लिंग दिसत नाही, म्हणून वरची कोटी तगते. नकार देऊन पाहा: ‘येणार नाही’ आणि ‘येणार नाहीत’ यांत ती लगेच फुटते. गळ्यातली माळ आणि गावाबाहेरचा माळ यांचीही हीच गत आहे. याउलट ‘पाट्यावरची चटणी सगळ्यांना बरी वाटली’ यात एकच ‘वाटली’ दोन्ही क्रियापदांचे काम बिनबोभाट करते, म्हणून मला ही कोटी अधिक सरस वाटते.

कोडे फार लांबवू नये. विनोदात आधी विसंगती जाणवते आणि मग ती उलगडते, अशी दोन टप्प्यांची मांडणी मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी १९७२ मध्ये केली. उलगडा स्वतःला झाला तरच गंमत येते, दुसऱ्याने करून दिल्यास ती शिकवणी होते.

आवर घालणेही शिकावे लागते. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना वेळप्रसंग न पाहता कोट्या करण्याची अनावर खोड लागते. जर्मनमध्ये तिला ‘विट्झेलझुख्ट’ म्हणतात. (शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे निदान यावरून करू नये.)

शेवटी कोटी नेहमीच्या वेगाने, एकदाच, मोठ्याने म्हणून पाहावी. ‘दिन’ आणि ‘दीन’ कागदावर वेगळे दिसले तरी बोलताना सहज मिसळतात, त्यामुळे अशी कोटी लिहून न पाठवता तोंडीच करावी. आणि समोरच्याने ‘कोणते सर?’ असे विचारले, तर छत्री पुरेशी ठळक उघडली नव्हती असे समजावे.